चांदणे कोणाच्या वतनाचे?

या देशात पाण्याला पट्टी आहे, जमिनीला सारा आहे, बाजारात भाजीची पाटी मांडली तर तिलाही पावती आहे. एक चांदणे तेवढे असे, की ज्यावर अजून कोणी कर बसविलेला नाही. ते वाड्यावर पडते तसे खोपटावर पडते. देवळाच्या कळसावर पडते तसे लोहाराच्या भात्यावर पडते. असे असता, आमच्या शेतकरी व कारागीर घरांत कोणी सहज विचारले, “आज चंद्र कधी उगवेल हो?” तर घरधनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघतो, पोरगा खिशातला मोबाईल काढतो, म्हातारी म्हणते देवळातल्या पुजाऱ्याला विचारा. दाराबाहेर येऊन आभाळाकडे बघणारा एकही नाही! हातच्या कांकणाला आरसा मागण्याची ही रीत आम्हांस मोठी विचित्र वाटते.

ही रीत आकाशातून पडलेली नाही. जुन्या गावगाड्यात तिथी सांगणे हे जोशाचे वतन होते. चैत्र पाडव्याला त्याने पंचांग वाचावे, लग्नाचा मुहूर्त काढून द्यावा, आणि खळ्यावर आपले धान्य घेऊन जावे. सुतार औत भरतो, चांभार मोट शिवतो, तसे जोशी दिवस मोजून देतो, असा तो व्यवहार. व्यवहार म्हणून त्यात वावगे नव्हते. परंतु सुताराने औत भरले म्हणून कुणब्याला लाकूड ओळखण्याची बंदी झाली नाही. जोशाने दिवस मोजले तेव्हा मात्र चंद्र ओळखण्याची सवयच आमच्या हातून गेली. तिथी हा शब्द ऐकताच ती शास्त्राची गोष्ट, आपल्या अकलेबाहेरची, असे आम्ही मानून बसलो. वतने गेली, बलुते गेले, पण मनातले हे वतन अजून खालसा झालेले नाही.

कोणी म्हणेल, चंद्र कधी उगवतो हे न कळल्याने आमचे काय अडले? वाचकहो, पुष्कळ अडते. शेतीपंपाला वीज पाळीने मिळते हे ज्याने ऊस केला आहे त्याला सांगावयास नको. एखाद्या आठवड्यात दिवसा, तर एखाद्या आठवड्यात रात्री. दिवसा वीज देण्यासाठी सरकारने २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना काढली, २०२३ साली तिची दुसरी आवृत्ती काढली. तरी रात्री उठून दारे धरण्याचे शेतकऱ्याच्या नशिबातून सगळीकडे सुटलेले नाही. ज्या माणसाला मध्यरात्री बांधावरून चालत जाऊन सरीला पाणी लावावयाचे आहे, जिथे पायाखाली साप असू शकतो आणि उसाच्या फडात बिबट्या असू शकतो, त्याला पहिल्या प्रहरी चांदणे आहे की शेवटच्या प्रहरी आहे, हे ठाऊक असणे ही करमणूक नव्हे. पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडावर निघणाऱ्या ऊसतोड जोडप्यालाही ते ठाऊक असले पाहिजे. संकष्टीला दिवसभर उपाशी राहून रात्री रांधणाऱ्या बाईला तर ते ठाऊक असलेच पाहिजे.

म्हणून आम्ही येथे एका गावाचा एका महिन्याचा चंद्र सांगतो. गाव कोल्हापूर, महिना शके १९४७ चा आश्विन. म्हणजे २०२५ सालचा २२ सप्टेंबर ते २१ ऑक्टोबर. हा महिना आम्ही मुद्दाम निवडला. घट बसण्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंतचे सगळे सण त्यात येतात, आणि चंद्राच्या चालीतली प्रत्येक खोडही त्यात सापडते.

प्रथम मूळ गोष्ट. चंद्राला स्वतःचा उजेड नाही; तो सूर्याचा उजेड आपल्याकडे परतवितो. खात्री करावयाची असेल तर रात्री घरातले दिवे मालवून एकच कंदील उंच ठेवावा, एक लिंबू सुईत टोचून हात लांब करून धरावे, आणि जागच्या जागी गिरकी घ्यावी. कंदिलाच्या बाजूला लिंबू धरले की आपल्याकडची बाजू काळी, ती अमावास्या. पाठ कंदिलाकडे करून लिंबू डोक्याच्या जरा वर धरले की ते पुरते उजळलेले, ती पुनव. मधल्या दोन्ही ठिकाणी ते अर्धे दिसते. त्या दोन अष्टम्या. एवढ्या खेळात चंद्राच्या कलांचे सगळे शास्त्र आले. यात कोणा राक्षसाने चंद्र गिळण्याचा प्रश्न येत नाही आणि कोणाच्या शापाने तो झिजण्याचाही येत नाही.

आता आश्विन घ्या. अमावास्येचा नेमका क्षण, म्हणजे सूर्य-चंद्र एका दिशेला येण्याचा क्षण, २२ सप्टेंबरच्या पहाटे १ वाजून २४ मिनिटांनी होता. त्या दिवशी घट बसले. संध्याकाळी चंद्र सूर्याच्या इतका जवळ होता, की सूर्यामागोमाग तोही मावळून गेला. दुसऱ्या दिवशी, २३ तारखेला, तिन्हीसांजेला रंकाळ्याच्या पूर्व काठावर उभे राहून पश्चिमेकडे बघितले असते तर बारीक कोर तळ्यापलीकडे उतरताना दिसण्याजोगी होती. हीच कोर पाहून मुसलमान बांधवांचा महिना सुरू होतो. चंद्र एकच, त्यावरून मोजणारे हात निरनिराळे.

तेथून पुढे रोज चंद्र सूर्यापासून पूर्वेकडे सरकत जातो आणि रोज उशिरा मावळतो. शुद्ध अष्टमीला अर्धा चंद्र. त्याचा नेमका क्षण ३० सप्टेंबरच्या पहाटे ५ वाजून २४ मिनिटांनी आला. असा चंद्र दुपारी उगवतो, दिवस मावळताना डोक्याच्या आसपास असतो, आणि मध्यरात्रीच्या अलीकडे-पलीकडे मावळतो. २ ऑक्टोबरला दसरा झाला. कोल्हापूरच्या दसरा चौकात सोने लुटले जाते ते सूर्यास्ताच्या वेळी. दशमीचा चंद्र त्या वेळी आभाळात चांगला वर आलेला असतो, पण सोन्याच्या गर्दीत त्याच्याकडे बघतो कोण?

६ ऑक्टोबरला कोजागरी. पुनवेचा नेमका क्षण ७ तारखेच्या सकाळी ९ वाजून १८ मिनिटांनी होता. म्हणून ६ तारखेला चंद्र सूर्य मावळण्याच्या थोडा आधीच टेंबलाईच्या टेकडीच्या बाजूला उगवला, आणि रात्रभर आभाळात राहिला. पुनवेचा चंद्र सूर्याच्या समोरासमोर असतो. एक मावळतो तेव्हा दुसरा उगवतो. मग वद्य पक्ष लागला. १० ऑक्टोबरला संकष्टी. चंद्र रात्री नऊच्या सुमारास. १३ ऑक्टोबरला रात्री ११ वाजून ४३ मिनिटांनी दुसरा अर्धा चंद्र. हा मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि सकाळी शेतावर जाताना अजून पश्चिमेकडे वर लोंबत असतो. चंद्र रात्रीचाच असतो असे जे पोरांना सांगितले जाते ते खोटे आहे. वद्य अष्टमीचा चंद्र दुपारपर्यंत आभाळात असतो. पुढे तो पहाटेचा सोबती होतो, आणि २१ ऑक्टोबरच्या सायंकाळी ५ वाजून ५५ मिनिटांनी पुन्हा अमावास्या. महिना भरला.

आता वेळ काढण्याची कृती. ती इतकी सोपी आहे, की ज्याला पाढे येतात त्याने तिला भिऊ नये. तिथी म्हणजे दुसरे काही नसून चंद्र सूर्यापासून बारा अंश सरकण्याला लागणारा काळ. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते. तेव्हा बारा अंशांना ४८ मिनिटे, म्हणजे आपल्या जुन्या मापाने बरोबर दोन घटका. यावरून नियम असा: तिथीची दुप्पट करावी, त्यातून एक वजा करावा, उरतील तितक्या घटका. एक घटका म्हणजे २४ मिनिटे. शुद्ध पक्षात सूर्यास्तानंतर तितक्या घटकांनी चंद्र मावळतो. वद्य पक्षात सूर्यास्तानंतर तितक्या घटकांनी चंद्र उगवतो.

उदाहरण करून बघा. वद्य चतुर्थी: चार दुणे आठ, वजा एक, सात घटका; म्हणजे २ तास ४८ मिनिटे. कोल्हापूरला ऑक्टोबरच्या दहा तारखेला सूर्य सव्वासहाच्या किंचित आधी मावळतो. त्यात ही भर घाला; नऊ वाजतात. शुद्ध अष्टमी: आठ दुणे सोळा, वजा एक, पंधरा घटका, सहा तास, म्हणजे मध्यरात्र. वद्य दशमी: एकोणीस घटका, सूर्यास्तानंतर साडेसात तासांहून थोडे अधिक; म्हणजे पहाटे पावणेदोनच्या सुमारास चंद्र येणार. ज्याची दारे धरण्याची पाळी दहाला सुरू होते त्याने ओळखावे, की पहिले तीन-चार तास अंधाराचे आहेत. बॅटरी भारून घ्यावी, पायात बूट घालावेत, एकट्याने जाऊ नये.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अर्ध्या चंद्राचे चांदणे पुनवेच्या निम्मे नसते; ते सुमारे दहावा हिस्साच असते. तेव्हा अष्टमीला चंद्र आहे म्हणून बांधावर निर्धास्त चालू नये. भरपूर उजेडाच्या रात्री महिन्यात मोजक्याच. पुनवेच्या अलीकडच्या तीन-चार आणि पलीकडच्या तीन-चार.

हा नियम ठोकताळा आहे. छापील कोष्टकाशी ताडून बघाल तर कधी पाच मिनिटांचा, कधी अर्ध्या तासाचा, क्वचित त्याहून अधिक फरक निघेल. हा फरक का पडतो हे समजले, की पंचांगातले निम्मे गूढ उलगडते. पहिले कारण, चंद्राची चाल एकसारखी नाही. त्याची वाट लांबट आहे. पृथ्वीपासून दूर असताना तो रेंगाळतो, जवळ आला की धावतो. आमच्या आश्विनात तो २६ सप्टेंबरच्या सुमारास दूर होता आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास जवळ. म्हणून अमावास्येपासून पहिल्या अर्ध्या चंद्राला ८ दिवस ४ तास लागले, आणि पुनवेपासून दुसऱ्या अर्ध्या चंद्राला ६ दिवस १४ तासच लागले. सरासरी तिथी २३ तास ३७ मिनिटांची. पण प्रत्यक्षात ती कधी वीस तासांवर येते, कधी सव्वीस तासांच्या वर जाते.

तिथीची ‘वृद्धी’ आणि तिथीचा ‘क्षय’ म्हणून जे सांगितले जाते, ते एवढेच. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची, असा मोजण्याचा ठराव आहे. लांबलेली तिथी दोन सूर्योदय गाठते, तेव्हा ती दोनदा छापावी लागते. आखूड तिथी दोन सूर्योदयांच्या मधेच संपते, तेव्हा ती गळते. २०२५ साली घट २२ सप्टेंबरला बसले आणि दसरा २ ऑक्टोबरला आला. बोटे मोजा, दशमी अकराव्या दिवशी आली! चंद्र रेंगाळत होता, एक तिथी दोनदा मोजली गेली. दुसरे कारण नाही. यात देवीचा कोप नाही की विशेष कृपा नाही.

दुसरे कारण, जागा. नागपूर मुंबईच्या सव्वासहा अंश पूर्वेस आहे. एका अंशाला चार मिनिटे. तेव्हा केवळ एवढ्याच हिशेबाने नागपूरकरांना चंद्र मुंबईकरांच्या आधी सुमारे २५ मिनिटे दिसतो. कोल्हापूर आणि मुंबई यांत हा फरक पाच-सहा मिनिटांचाच. शिवाय चंद्र आभाळात उत्तरेकडे कललेला असेल तर उत्तरेकडच्या गावांना आणखी लवकर दिसतो. १० ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत चंद्र सव्वाआठच्या आत उगवला आणि मुंबईत नऊला पाच मिनिटे कमी असताना. पूर्व-पश्चिम अंतराने यातली सतराच मिनिटे होतात. बाकीचा फरक उत्तर-दक्षिणेचा. तेव्हा दिल्लीच्या दूरचित्रवाणीवर “चंद्र दिसला” म्हणून ऐकून कोल्हापूरच्या बाईने गच्चीवर धावू नये. आणि दिनदर्शिकेवर मुंबईची वेळ छापली आहे म्हणून गोंदियाच्या बाईने अर्धा तास जास्त उपाशीही बसू नये.

तिसरी एक गंमत. छापील कोष्टकात महिन्यातून एखादी तारीख अशी येते, की तिच्यापुढे चंद्रोदयाचा रकाना रिकामा असतो. लोक घाबरतात, म्हणतात, या दिवशी चंद्र उगवलाच नाही! चंद्र रुसलेला नसतो. एका चंद्रोदयापासून दुसऱ्यापर्यंत सरासरी २४ तास ५० मिनिटे जातात, आणि आपली तारीख २४ तासांत संपते. मध्यरात्रीच्या थोडा आधी चंद्र उगवला, की पुढचा उगवतो तो परवाच्या तारखेत, मध्यरात्र उलटून. मधली तारीख कोरी. रिकामा रकाना बघून भिणे म्हणजे पगाराची तारीख रविवारी आली म्हणून पगार बुडाला असे समजण्यापैकी आहे.

आता सण पुढे-मागे का होतात तेही बघू. कोल्हापूरला दोन मोठ्या गोष्टी दर वर्षी घडतात. अंबाबाईच्या देवळात मावळत्या सूर्याची किरणे आत येण्याचा किरणोत्सव नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या ३१, १, २ तारखांना होतो, तारखा ठरलेल्या. जोतिबाची चैत्री यात्रा मात्र चैत्र पुनवेची. ती इंग्रजी तारखेने कधी मार्चच्या शेवटी येईल, कधी एप्रिलच्या शेवटी. असे का? एक सण सूर्याचा, दुसरा चंद्राचा. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दर वर्षी अकरा दिवसांची तूट. ती तशीच वाढू दिली तर दिवाळी पावसाळ्यात येईल आणि पेरणीचा मृग भलत्याच महिन्यात जाईल. म्हणून बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना अधिक धरतात. २०२३ साली अधिक श्रावण, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. ही हिशेबाची जुळवणी आहे, किराण्याच्या वहीत मागील बाकी पुढे ओढतात तशी. ‘अधिकात जावयाला वाण दिलेच पाहिजे’ असे चंद्राने कोणास सांगितलेले नाही. जावयाला चांदीची भांडी देण्यापायी ज्यांनी कर्ज काढले असेल, त्यांनी या अकरा दिवसांच्या तुटीचा विचार एकदा शांतपणे करावा.

आणि चंद्राचा हिशेब एक असूनही माणसे भांडतात ती त्यांच्या नियमांमुळे. त्याच २०२५ सालची दिवाळी आठवा. अमावास्या २० ऑक्टोबरच्या दुपारी लागली आणि २१ च्या सायंकाळी संपली. काही प्रांतांत लक्ष्मीपूजन २० ला झाले. महाराष्ट्रातील पंचांगांनी २१ सांगितले. चंद्र दोघांचा एकच होता, वेळही एकच होती. वाद होता तो अमुक घटका अमावास्या असली म्हणजे पूजा केव्हा करावी, या माणसांच्या ठरावाचा. माणसांनी केलेला ठराव माणसांना तपासता येतो, हे या वादातून शिकावयाचे.

येथे कोणी आमच्यावर असा आरोप करील, की तुम्ही पंचांगकर्त्यांचे वैरी आहात. तसे मुळीच नाही. ज्याने रात्री जागून आकडे काढले, चुका दुरुस्त केल्या, कोष्टके छापली, त्याचे श्रम आम्ही लोहाराच्या घामाइतकेच मोलाचे मानतो. आमचा कज्जा गणिताशी नाही. गणिताच्या आडून भीती विकण्याशी आहे. आणि हे गणित एकाच जातीच्या अंगणात वाढले, हेही खरे नाही. १८३१ साली मुंबईत पहिले मराठी पंचांग छापून बाजारात आणले ते गणपत कृष्णाजी या भंडारी समाजातील छापखानेवाल्याने, शिळाप्रेसवर. जे ज्ञान हस्तलिखितात जोशाच्या बासनात होते ते दाम देणाऱ्या कोणाच्याही हाती गेले, ही काही लहान गोष्ट झाली नाही. पुढे स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ साली पंचांग सुधारण्यासाठी समिती नेमली; देशात तेव्हा सुमारे तीस निरनिराळ्या कालगणना चालत होत्या. त्या समितीचे अध्यक्ष कोण? मेघनाद साहा, ढाक्याजवळच्या खेड्यातील एका किरकोळ दुकानदाराचा मुलगा, जातीच्या उतरंडीत खालच्या पायरीवर ढकललेल्या घरातला. तारे किती तप्त आहेत हे त्यांच्या उजेडावरून कसे ओळखावे, याचे सूत्र त्याने साऱ्या जगाला दिले. समितीचा अहवाल १९५५ साली आला, आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. सरकारचे राष्ट्रीय पंचांग मराठीतही निघते. शेतकऱ्याच्या पोराने साहांचे नाव ऐकलेले नसावे आणि ‘अमावास्येला घराबाहेर पडू नको’ हे मात्र पाठ असावे, हे आमच्या शिक्षणाला शोभते काय?

अमावास्येची ही भीती एकदा नीट तपासून बघू या. अमावास्येला चंद्र नाहीसा होत नाही. तो दिवसा सूर्याबरोबर आभाळात असतो, त्याची काळी बाजू आपल्याकडे असते इतकेच. रात्र अंधारी असते, म्हणून वाट सांभाळावी, चोराचिलटापासून जपावे. एवढे शहाणपण तिच्यात आहे. त्यापुढे लिंबू-मिरच्या, उतारे, काळी कोंबडी, आणि आजारी पोराला दवाखान्यात न नेता भगताकडे नेणे, हे अंधाराचे नव्हे, अज्ञानाचे फळ होय. अशा अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला; त्यासाठी झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. कायदा पुस्तकात आहे. तो घरात यावयाचा तर अमावास्या म्हणजे काय हे लिंबू आणि कंदील घेऊन पोरांना दाखवावे लागेल. तेच लिंबू, पण दारात टांगण्याऐवजी सुईत टोचून उजेडात धरलेले!

ग्रहणाचेही तसेच. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झाले. ९ वाजून ५७ मिनिटांनी पृथ्वीची सावली चंद्रावर चढू लागली, ११ वाजता तो पुरा झाकला, आणि १ वाजून २६ मिनिटांनी मोकळा झाला. चंद्रोदयाची वेळ गावोगाव बदलते. ग्रहणाची वेळ नागपूरला जी तीच कोल्हापूरला, कारण सावली चंद्रावरच पडते, आपल्या डोळ्यांवर नव्हे. त्या रात्री किती गरोदर बाया कोंडून घेऊन, अन्नपाण्यावाचून, हातपाय न हलविता बसविल्या गेल्या असतील! पोटच्या जिवाला भूक आणि तहान बाधते. अडीच लाख मैलांच्या आसपास असलेल्या चंद्रावरची सावली बाधत नाही. त्या चंद्रावर २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपल्या देशाचे चांद्रयान-३ उतरले. त्याची तारीख ठरविताना तेथे सूर्य केव्हा उगवतो हे बघितले होते, कारण यंत्राला सूर्याच्या उजेडावर काम करावयाचे होते आणि तेथला दिवस आपल्या चौदा दिवसांचा. उजेड केव्हा मिळेल हे बघून कामाची वेळ ठरविणे, याला आम्ही खरा मुहूर्त म्हणतो.

शेवटी एक शंका उरते. “मोबाईलवर बोट लावले की चंद्रोदय कळतो, मग ही घटकांची उठाठेव कशाला?” कळतो, हे खरे, आणि तो बघावा, आमची हरकत नाही. परंतु पूर्वी जोशी सांगत होता आणि आम्ही ऐकत होतो. आता मोबाईल सांगतो आणि आम्ही ऐकतो. सांगणारा बदलला, ऐकणारा तोच राहिला. ज्याला स्वतःला हिशेब येतो तो सांगणाऱ्याला विचारू शकतो. ज्याला येत नाही त्याला शुभ-अशुभही त्याच पडद्यावरून विकले जाते, आणि ते विकले जात आहेच. वजनमाप ज्याला कळते त्याला वाणी फसवीत नाही. चंद्राचे वजनमाप दोन घटकांचे आहे, ते पाठ असू द्या.

तेव्हा आमची सूचना अशी. येत्या अमावास्येनंतर घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला शाळेची एक जुनी वही द्यावी. रोज तिने तीनच गोष्टी लिहाव्यात: चंद्र किती वाजता कोठे दिसला, केवढा होता, आणि ढग असल्यास ढग. वरच्या नियमाने काढलेली वेळ शेजारी लिहावी, आणि दोहोंत फरक किती पडला तेही लिहावे. एक महिना झाला की ती वही तालमीत, भजनी मंडळात, बचत गटाच्या बैठकीत वाचावी. मास्तरांनी वर्गात वाचावी. ज्यांची रात्रीची पाळी आहे त्यांनी आपल्या पाळीच्या तारखा त्या वहीशी ताडून बघाव्यात. कोणत्या रात्री सोबत घेऊन जावयाचे हे त्यांना आधीच कळेल.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवितो. चांदणे आहे म्हणून रात्रीची वीज चालेल, असा अर्थ आमच्या लिहिण्यातून कोणा अधिकाऱ्याने काढू नये. माणसाने दिवसा राबावे आणि रात्री झोपावे. पिकाला पाणी दिवसा मिळालेच पाहिजे, ही मागणी कायम आहे. महिन्यातल्या निम्म्या रात्री अंधार असतो हे वहीत लिहून ठेवलेले असेल तर ती मागणी मांडताना उलट बळच येईल. “साहेब, या महिन्यात आमच्या पाळीच्या इतक्या रात्री चंद्र नव्हता,” असे तारखांसह सांगणाऱ्या शेतकऱ्याला उडवून लावणे सोपे नसते.

चांदणे कोणाच्या वतनाचे नाही. ते मोजण्याची अक्कलही कोणाच्या वतनाची नाही. घरोघरच्या भगिनींनी आणि पोरांनी ती आपल्या हाती घ्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.